शिंपल्यांची पूड म्हणजे सिमेंट नव्हे

पेडण्यात घर बांधणाऱ्या माझ्या मेहुण्याने स्लॅबच्या आदल्या आठवड्यात शिंपल्यांची दोन पोती गोळा करून ठेवली, म्हणून हे लिहावे लागत आहे. व्हॉट्सॲपवरील संदेश त्याला सांगतो की, शिंपले घरीच कुटून निम्म्या सिमेंटच्या जागी घालावेत. घर दुप्पट मजबूत होईल, प्रदूषण शून्य होईल आणि जुन्या गोव्यातील चर्चेसही शिंपल्यांवरच उभी आहेत.

न भाजलेला शिंपला म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट; त्याची पूड खडीवाळूला स्वतःहून बांधून ठेवत नाही. शिवाय बाजारातील पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के कोळशाची राख आधीच असते. त्यात निम्मी पूड मिसळली, तर खरे सिमेंट एक तृतीयांशाच्या आसपास उरते. याला दुप्पट मजबुती कोण म्हणेल?

सर्वांत घातक गोष्ट संदेशात नाहीच, ती म्हणजे मीठ. आय. एस. ४५६ : २००० हे भारतीय मानक सळयांच्या काँक्रीटमध्ये प्रति घनमीटर फक्त ०.६ किलो क्लोराइडला (मिठातील घटकाला) मुभा देते, आणि त्यात पाणी, वाळू, सिमेंट सगळ्यांतील क्लोराइड धरलेले असते. काँक्रीटच्या अल्कतेमुळे सळईवर टिकणारा संरक्षक थर क्लोराइड फोडते, गंज फुगतो आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. किनाऱ्यावर खारी हवा हेच काम बाहेरून करीत असताना नीट न धुतलेले शिंपले कुटून मीठ आपल्याच हाताने आत घालायचे, हा कोणता शहाणपणा?

चर्चेसचा दाखला अर्धाच खरा आहे. शिंपले भट्टीत भाजून चुना करीत, हे मान्य. पण १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझूस चर्चच्या जाड चिरेबंदी भिंतींत गंजायला सळया नाहीत. शून्य प्रदूषणाचे म्हणाल, तर चुन्यासाठी १००० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजल्यावर ४४० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो.

एवढे मात्र मान्य करावे लागते की, स्वच्छ धुऊन बारीक दळलेले शिंपले चुनखडीच्या भुकटीऐवजी मर्यादित प्रमाणात चालू शकतात. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरून क्लिंकर (भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मूळ घटक) निम्म्यावर आणणारे एलसी३ सिमेंट सिद्ध झालेले आहे, आणि त्याच्या विकासात आपल्या आयआयटींचाही वाटा आहे. तिथे चिकणमातीतील अ‍ॅल्युमिना चुनखडीशी क्रिया करते, घटकांचे प्रमाण प्रयोगशाळेत ठरते आणि दळण कारखान्यात होते. मेहुण्याच्या पडवीतील दोन पोत्यांवर यांपैकी काहीही झालेले नाही.