अण्णांचा मोतीबिंदू आणि कट्ट्यावरचे मतभेद

सोलापुरातल्या बाळीवेशीतल्या आमच्या कट्ट्यावर सध्या एकच वाद चालू आहे. अण्णांच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू लेझरने काढावा की साध्या पद्धतीने, हा तो वाद. अण्णांच्या मुलाने एका खाजगी रुग्णालयातून दोन पॅकेजचे दर आणले असून त्यातले लेझरचे पॅकेज बरेच महाग आहे. मास्तरांनी कागद पाहताच निकाल दिला. त्यांच्या मते डोळ्याच्या बाबतीत पैशाकडे पाहू नये, आणि लेझरमध्ये पाते लागत नसल्यामुळे तेच सुरक्षित. मास्तरांचा आवाज मोठा असल्याने त्यांचे मत बहुधा टिकते. या वेळी मात्र नेत्ररुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी करणारा बसू समोर बसला होता.

“मास्तर, लेझरने मोतीबिंदू विरघळत नाही,” बसू म्हणाला. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंगच गढूळ होणे, आणि ते भिंग कोणत्याही पद्धतीत बाहेर काढावेच लागते. ज्याला आपण फेको म्हणतो, त्यात दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून बारीक नळी आत घालतात, तिच्या टोकाच्या अतिवेगवान कंपनांनी भिंगाचे तुकडे करून ते ओढून घेतात, आणि रिकाम्या झालेल्या पिशवीत घडी घातलेले कृत्रिम भिंग सोडतात. ही पद्धत अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली आणली. महागड्या पॅकेजमधले फेम्टोसेकंद लेझर छेद घेणे, पिशवीचे तोंड गोल कापणे आणि भिंगाला चिरा पाडणे एवढीच कामे करते. त्यानंतर तीच फेकोची नळी आत जाते. फ्रान्समध्ये झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांत लेझरमुळे साध्या फेकोपेक्षा अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही.

“मग आमच्या शेजाऱ्यांचा मोतीबिंदू परत आला तेव्हा तो पाच मिनिटांत लेझरने कसा काढला?” मास्तर सहजी हटणारे नव्हेत. या गैरसमजाचे मूळ बहुधा अशाच अनुभवांत असावे. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. मात्र ज्या पिशवीत नवे भिंग बसवलेले असते, तिचा मागचा पडदा काही रुग्णांत महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होतो, आणि त्याला याग नावाच्या वेगळ्याच लेझरने मधोमध खिडकी पाडतात. ते काम खरोखरच काही मिनिटांचे असते, पण ते मोतीबिंदू काढणे नव्हे.

अण्णांची स्वतःची अडचण निराळीच होती. “पिकू दे की जरा, घाई कशाला?” असे म्हणत त्यांनी हा विषय बराच काळ टाळला होता. पूर्वी मोठा छेद घेऊन सबंध भिंग काढत, टाके घालत आणि नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देत. त्या काळात पिकण्याची वाट पाहण्याला काही अर्थ होता. आता उलट आहे. भिंग जितके कठीण, तितकी कंपनांची ऊर्जा अधिक लागते आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होण्याचा संभव वाढतो. अति पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. तपासणीत मोतीबिंदू दिसला की लगेच टेबलावर चढावे, असाही याचा अर्थ नाही, हे मास्तरांना बजावून सांगावे लागले. रोजचे काम अडू लागले की वेळ आली असे समजावे. अण्णा विणकर, आणि त्यांचे काम अडलेच आहे. जेकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, चादर चालू असताना ताण्यातला (उभा) पांढरा धागा तुटला, तर पूर्वी ते मागाच्या या टोकावरून ओळखत. आता जवळ जाऊन बोटांनी चाचपतात, आणि तोवर वीतभर दोष विणला गेलेला असतो.

माझ्या मते खरा विचार इथे व्हायला हवा होता, आणि पॅकेजच्या कागदावर तोच सर्वांत लहान अक्षरात होता: भिंग कोणते? एककेंद्री भिंग एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. दूरचे ठरवले तर वाचायला चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाने चष्म्याची गरज बरीच कमी होते, परंतु काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात आणि फिकट रंगांतला फरक थोडा कमी जाणवतो. पांढऱ्यावर पांढरा धागा शोधणाऱ्या माणसाने ही उणीव आधी तोलावी. अण्णांनी डॉक्टरांना “भारीतले भारी टाका” म्हणण्याऐवजी “मला हातभर अंतरावरचे सूत दिसायला हवे” असे सांगावे, हे त्यांना पटले. मधुमेहामुळे डोळ्याच्या तळाचा पडदा (रेटिना) खराब असेल तर बहुकेंद्री भिंग सहसा टाळतात. अण्णांना साखर आहे, म्हणून आधी पडद्याची तपासणी व्हावी.

मुहूर्ताचा प्रश्न मग आपोआप आला. उन्हाळ्यात डोळा चिघळतो, म्हणून थंडीतच करायचे, हा समज सोलापूरच्या उन्हात रुजला नसता तरच नवल. फेकोला ऋतूची अट नाही. अडचण असेल ती थंडीचीच, कारण जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा असते आणि अण्णा नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालल्याशिवाय राहणार नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत डोळ्यात पाणी, धूळ जाऊ द्यायची नसते, डोळा चोळायचा नसतो, थेंब चार ते सहा आठवडे घालायचे असतात. गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेच्या, तोंडावर तारीख घेण्यात शहाणपण नाही.

मास्तरांच्या भाच्याचा लेझरचा प्रश्न मध्येच घुसला. त्याला लग्नाआधी चष्मा घालवायचा आहे. ते लेझर बुबुळाच्या पारदर्शक पटलाला आकार देते आणि त्यासाठी वय किमान अठरा, नंबर वर्षभर स्थिर आणि पटल पुरेसे जाड लागते, एवढे बसूने सांगितले. चाळिशीनंतरचा वाचनाचा चष्मा त्याने टळत नाही, हे ऐकून मास्तर स्वतःच गप्प झाले, तेव्हा चौकशी कोणासाठी होती याची शंका आली.

जागे ठेवून शस्त्रक्रिया करतात, याची अण्णांना धास्ती होती. थेंबांनी डोळा बधिर करतात, प्रकाश दिसतो, हात दिसत नाहीत. खोकला येत असेल तर आधी सांगायचे, इतके पुरते. घरी आल्यावर दुखणे वाढले, डोळा लाल झाला किंवा दिसणे कमी झाले, तर मात्र सकाळची वाट न पाहता डॉक्टरकडे जावे. संसर्ग क्वचितच होतो, पण झाल्यास तास मोलाचे असतात.

शेवटी बसूने हळूच विचारले, “अण्णा, लघवीची कुठली गोळी चालू आहे का?” सगळे हसले. अण्णांनी इकडेतिकडे पाहून होकारार्थी मान हलवली. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनसारख्या औषधाने बाहुली नीट मोठी होत नाही आणि तिच्याभोवतीचा पडदा शस्त्रक्रियेत फडफडतो; डॉक्टरांना ठाऊक असेल तर ते तशी तयारी ठेवतात. गोळी बंद केली तरी परिणाम राहू शकतो, म्हणून परस्पर थांबवूनही भागत नाही. ही गोष्ट मुलाने भरलेल्या फॉर्ममध्ये नव्हती. अण्णांनी तो तिथेच मागवून घेतला आणि मास्तरांचे पेन उसने घेऊन गोळीचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले.