जेसीबी, पाणकणीस आणि आमची आज्जी

आज सकाळी तळ्यावर गेलो आणि डोकंच फिरलं. सुशोभीकरण म्हणे! पूर्वेकडचं सगळं पाणकणीस, म्हणजे काठच्या पाण्यात वाढणारं ते उंच, लांब पात्यांचं गवत, जेसीबीनं गड्ड्यासकट उपसून काठावर ढीग लावलाय. दोन जांभळ्या पाणकोंबड्या त्या चिखलात नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या.

फोटो टाकला तर आमच्या पक्षीवाल्या ग्रुपवर फर्मान, 'एका पात्यालाही हात लावू देऊ नका.' अरे बाबांनो, हात तर आमच्या आज्जीनं जन्मभर लावला!

दिवाळी उरकली की ती विळा घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायची. पाण्याच्या वर वीतभर खुंट ठेवून कापायची. मी एकदा घाईत पाण्याखालून कापलं, तर पाठीत धपाटा. "मुळाला वारं कुठनं मिळंल रं?" खरंच आहे ते. खुंट पाण्यात बुडाला की गड्डा गुदमरून मरतो. म्हशी पाण्यावर न्यायच्या वाटेवर मात्र ती मुद्दाम बुडवूनच कापायची. आज तीस लाखाचं यंत्रही एवढा विचार करत नाही.

एका साली अर्धं कापायचं, पुढच्या साली उरलेलं. पावसाळ्यात तर आत पाऊल नाही. "अंडी हाईत," एवढंच म्हणायची.

बरं, मोकाट सोडलं तर हे तळं गिळतं, गाळ धरतं, हे मान्य. पण माजतं कशानं? वरच्या उसातला युरिया आणि गावचं गटार इथंच येतं. त्यावर कोण बोलणार?

आणि कायदा? पाणथळ जागा वाचवायच्या २०१७ च्या नियमांतून सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळलीत. आमच्या दुष्काळी खटाव-माणमध्ये तळी बांधूनच झालीत, आपोआप कुठली होणार? हे तळं माणसानं बांधलंय हे पाणकोंबडीला कुणी सांगायचं?

जाऊ दे. चिडून लिहितोय, सरपंच आपलेच आहेत, ऐकतीलही.

याच पात्यांची आज्जीनं विणलेली चटई अजून माळ्यावर आहे, कडेला उंदरानं कुरतडलेली. सकाळी ती काढून उन्हात टाकली. हात फिरवला तर वीण अजून घट्ट. मला विणता येत नाही. ती म्हणायची, बस जवळ, दावते. मी क्रिकेटला पळायचो.

जेसीबी उद्या पश्चिमेकडं वळणार आहे. सात वाजता तळ्यावर या. ढिगातली पातीही बरीच धड आहेत, कुणाच्या घरी विणणारं म्हातारं माणूस असेल तर त्यांनाही आणा. विळे मी आणतो.