‘त्याला मशीन लावून काय उपयोग?’ या फॉरवर्डला उत्तर

सांगली-मिरजेकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. त्याचा सारांश असा: मूल बहिरं असेल आणि सोबत सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नसणं), मतिमंदत्व, नजरेचा दोष असं आणखी काही असेल, तर कानाच्या मशीनवर पैसे घालवू नका. कारणं पाच. बेरा तपासणीत रेषा सरळ आली म्हणजे विषय संपला. ऐकू आलं तरी त्याला अर्थ कळणार नाही. मशीनच्या मोठ्या आवाजानं उरलंसुरलं ऐकणंही जातं. मूल मशीन ओढून काढतं, म्हणजे त्याला ते नकोच असतं. आणि आधी बसू-चालू द्या, कानाचं नंतर बघू.

मी विशेष शिक्षिका आहे, अशाच मुलांच्या घरी जाऊन शिकवते. या पाचांतली दोन कारणं अर्धी खरी आहेत, म्हणून मजकूर पटकन पटतो. एकेक घेऊ.

बेराचं आधी, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे. या तपासणीत मुलाला झोपवून डोक्याला तारा लावतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि ऐकण्याच्या नसेपासून मेंदूच्या खोडापर्यंत संदेश पोचताना उठणाऱ्या लाटा यंत्रावर पाहतात. नेहमीच्या टकटक आवाजावरून मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, पट्ट्याचा अंदाज येतो. त्याखालचं, २५०-५०० हर्ट्झचं, जाड आवाजाचं ऐकणं शिल्लक असलं तरी ते या रेषेत दिसेलच असं नाही. शिवाय यंत्राच्या आवाजालाही मर्यादा असते, साधारण ९० ते १०० डेसिबल. त्या आवाजाला लाट उठली नाही, एवढंच रिपोर्ट सांगतो. त्यापलीकडे काही उरलेलं नाही, हे वाक्य आपण आपल्या पदरचं जोडतो.

बहुविकलांग मुलांच्या बाबतीत गुंता आणखी आहे. ‘जन्मल्यावर कावीळ फार वाढली होती’, ‘महिनाभर काचेत होतं’, ‘रडलंच नव्हतं’, हे आम्हाला घरोघर ऐकायला मिळतं. याच मुलांमध्ये ऑडिटरी न्यूरोपॅथी नावाचा प्रकार जास्त आढळतो. यात आतला कान आवाज पकडतो, पण पुढे नसेतून जाणारे संदेश एका वेळी जात नाहीत. लेझीमच्या पथकात सगळी पोरं हजर असावीत आणि प्रत्येकाचा ठेका वेगळा पडावा, तसं. ठेका जुळला नाही की लाट उमटत नाही आणि बेराची रेषा सरळ येते. अशा मुलाला किती ऐकू येतं हे बेरावरून ठरवताच येत नाही. एखाद्याला साधे आवाज बऱ्यापैकी येतात, फक्त शब्द फुटके येतात. एखाद्याला जवळजवळ काहीच येत नाही. डोक्यात पाणी झालेल्या किंवा मेंदूच्या खोडाला इजा झालेल्या मुलाच्या लाटाही बिघडलेल्या दिसतात, आणि तो बिघाड सगळा कानाचा नसतो.

म्हणून एका कागदावर निकाल लावायचा नसतो. ओएई नावाची तपासणी करून आतल्या कानाच्या पेशींचा प्रतिसाद बघतात. टिंपॅनोमेट्रीनं पडद्यामागे पाणी साठलंय का ते कळतं. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत ते फार असतं, आणि पाणी असेल तर ओएई येतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाचं वागणं बघतात. इथं घरच्यांची नजर लागते. सेरेब्रल पाल्सीचं मूल आवाजाकडे मान वळवेल कशी? मान त्याच्या ताब्यात नसते. पण चोखता चोखता थांबतं, श्वास क्षणभर रोखतं, डोळे मोठे करतं, हातपायांची वळवळ बंद करतं. हे कधी कधी दहा-पंधरा सेकंदांनी होतं, आणि तोवर टाळी वाजवणारे काका ‘नाही ऐकलं’ म्हणून उठलेले असतात.

उलटी चूकही होते. गणपतीत डीजे दारावरून गेला, पोर खुदकन हसलं, आजी म्हणते, ‘ऐकतंय की गं, मशीन कशाला?’ आजी, तो दणका छातीत आणि खाटेत जाणवतो. पूर्ण बहिऱ्या माणसालाही जाणवतो. घराबाहेरून येणाऱ्या आवाजावर नव्हे, तर कंप न पोचेल अशा अंतरावरून हाक मारून बघायला हवं.

दुसरं कारण, ‘अर्थ कळणार नाही’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ऐकू न येणाऱ्या मुलाला तोंडी प्रश्न विचारून बुद्धी मोजायची, मतिमंद लिहायचं, आणि मग मतिमंद आहे म्हणून ऐकवायचं नाही! ऐकण्याचा दोष असलेल्या मुलांपैकी साधारण ३० ते ४० टक्के मुलांना आणखी काहीतरी अडचण असते. म्हणजे ही मुलं अपवादातली नाहीत, पण आपली फूटपट्टी अजूनही ‘बोलेल का?’ हीच एक आहे.

ज्या मुलाला नीट दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्या दृष्टीनं दिवस कसा जातो? कुणीतरी अचानक उचलतं. अचानक तोंडात घास येतो. अचानक अंगावर पाणी पडतं. ते दचकतं, ताठ होतं, आणि आपण लिहितो ‘चिडकं आहे’. मशीनमधून आईचा आवाज येतोय एवढं कळलं, कुकरच्या शिट्टीनंतर जेवण येतं हे जुळलं, नावानं हाक मारल्यावर ते क्षणभर स्थिर झालं, तर मशीनचा उपयोग झाला. पुढे शब्द आले तर आनंदच आहे. ‘मशीन लावा, सहा महिन्यांत बोलेल’ असं सांगणारे दुकानदार या फॉरवर्डइतकेच चुकीचे आहेत. मशीन लावलं तरी हाताच्या खुणा, स्पर्शाच्या खुणा, अंघोळीआधी हातात तांब्या देणं हे पहिल्या दिवसापासून चालू ठेवायचं. त्यानं बोलणं अडत नाही.

‘मशीननं ऐकणं जातं’ हे अर्धं खरं. बेताल मोठा आवाज कानाला इजा करतो, आणि लहान मुलाची कानाची नळी इवलीशी असल्यामुळे तेच मशीन मोठ्या माणसापेक्षा त्याच्या कानात जास्त जोरात वाजतं. म्हणून तर ऑडिओलॉजिस्टकडून (ऐकण्याच्या तज्ज्ञाकडून) मुलाच्या कानाच्या मापानं मशीन सेट करून घ्यायचं आणि कमाल आवाजाला लगाम घालून घ्यायचा. ऑनलाइन मिळणारा आवाज वाढवायचा डबा आणून लावू नका, हे मीही सांगेन. पण नीट सेट केलेल्या मशीनला दोष देण्याआधी मूळ आजार बघा. गर्भात सीएमव्ही विषाणूची लागण झालेल्या मुलांचं ऐकणं मशीन असो-नसो, पुढे कमी होत जाऊ शकतं. अशांची तपासणी ठरावीक काळानं पुन्हा करावीच लागते.

‘ओढून काढतं’ हेही अर्धं खरं. काढतंच. प्रश्न का काढतं हा आहे. मशीनचा आवाज कानात नेणारा, कानाच्या मापाचा साचा सैल झालाय का? बाळाचा कान वाढतो, काही महिन्यांतच नवा साचा लागतो. कानात मळ, पू आहे? आवाज जास्त होतोय? आणि आमच्या मुलांची खास अडचण: मान धरत नाही म्हणून दिवसभर डोकं उशीला किंवा खुर्चीच्या टेकूला टेकलेलं. कानामागचं मशीन दाबलं जातं, शिट्टी मारतं, टोचतं. याला खिशातलं, वायरवालं मशीन चालतं. कानाची नळीच नसेल किंवा कान कायम वाहत असेल, तर हाडावाटे आवाज पोचवणारं, डोक्याच्या पट्ट्यावर बसणारं मशीन असतं. बॅटरीच्या झाकणाला कुलूप मात्र हवंच. ती बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर जिवावर बेतू शकतं.

एवढं सगळं तपासून, रोज थोडा थोडा वेळ वाढवत, घरच्या वहीत नोंदी ठेवून काही महिने नेटानं वापरलं, तरी काडीचा फरक नाही आणि मूल हैराण आहे, तर मशीन ठेवून द्या. माझ्या मते हा रास्त निर्णय आहे. तो वापर करून बघितल्यावर घ्यायचा असतो, फॉरवर्ड वाचून नाही.

‘आधी चालू दे’ याला फार उत्तर नको. जन्मल्यापासून महिन्याच्या आत ऐकण्याची चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. हृदयाची शस्त्रक्रिया तोंडावर आहे, फिट्स आटोक्यात नाहीत, तर काही आठवडे थांबणं समजू शकते. पण व्यायाम आणि मशीन एकाच दिवशी चालतात. मेंदूज्वरानंतर बहिरेपण आलं असेल तर थांबणं जास्त महागात पडतं: आतल्या कानात हाड भरत जाऊ शकतं आणि मग कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायच्या यंत्राची, वाट अवघड होते.

राहिला पैसा. चौकशी सांगलीच्या सिव्हिलमध्ये, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, साताऱ्याकडच्यांनी क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात सुरू करावी. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ऐकण्याच्या दोषाचा समावेश आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीवर मशीन मिळतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता दोन्ही बसतात. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढताना ‘पाल्सीचे टक्के भरपूर आहेत, कानाचं कशाला’ म्हणून ते लिहायचं सोडू नका.

आणि प्रमाणपत्राची रेघ म्हणजे गरजेची रेघ समजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांनी ६० डेसिबलच्या पुढचा दोष धरला आहे. ५० डेसिबलचा दोष असलेलं मूल त्या कागदावर येत नाही. मात्र ज्याला ओठांकडे बघायला मान वळवता येत नाही, पुन्हा विचारायला शब्द नाहीत, त्याच्यासाठी ५० डेसिबल म्हणजे शेजारी बसून आईनं बोललेलं बरंचसं निसटणं. अशा मुलांना मशीन बऱ्याचदा सगळ्यात जास्त लागू पडतं, आणि फॉरवर्डमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.