कुत्री गेली

परवा सकाळी दांडेकर पुलाच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि मी जागच्या जागी सायकल चालवू लागलो. पायडल फिरत होतं, चेन फिरत होती, मागचं चाक मात्र मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखं ढिम्म. मागचा रिक्षावाला म्हणाला, "काका, व्यायाम घरी करा की!" हे वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. उत्तर मला पुढच्या चौकात सुचलं, पण तोवर तो स्वारगेटला पोचला असेल.

सायकल ढकलत एका बोळातल्या दुकानाशी आलो. या बोळात ऊन बाराशिवाय उतरत नाही. मिस्त्री शटर वर करत होता. त्यानं सीट धरून मागचं चाक उचललं, पायडलला एक हिसडा दिला, कान लावला आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"कुत्री गेली तुमची."

ज्यांची सायकल कधी बिघडली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या चाकाला जी दातेरी चकती असते, ते फ्रीव्हील. माझं अठरा दात्यांचं. हे बाहेरचे दाते चेनसाठी. आतल्या बाजूला आणखी दाते असतात, तिरपे, करवतीसारखे, आणि त्यांना धरायला नखाएवढे दोन लोखंडी तुकडे, खाली केसासारखी तारेची स्प्रिंग. तीच कुत्री. पायडल मारलं की कुत्री दात धरतात आणि चाक ओढलं जातं. पाय थांबवले की दातांवरून घसरत जातात. उतारावर सायकल टिकटिक करते ना, ती हीच. दात धरलाच नाही तर पायडल फुकट फिरतं आणि रिक्षावाल्यांना कंठ फुटतो.

दुकानाबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर माकडटोपी घातलेले एक आजोबा बसले होते, पेपरातल्या निधनवार्तांच्या पानावर बोट ठेवून. बोट तसंच ठेवून त्यांनी वर पाहिलं.

"अरेरे. कधी गेली हो?"

"आत्ताच. सिग्नलला."

"गाडीखाली?"

"नाही हो. मी आपला पाय मारतोय, मारतोय आणि एकदम गेली."

आजोबांचं बोट पेपरावरून निसटलं. "तुम्ही पाय मारत होता?"

"मग काय करणार? मागे गाड्या खोळंबल्या होत्या. आणखी जोरात मारले."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, माझ्या वयाचं कौतुक चाललंय.

"वय काय होतं?" त्यांनी जरा कोरडेपणानं विचारलं.

"बावीस वर्षं झाली असतील."

"बावीस? अहो, पंधरा म्हणजे डोक्यावरून पाणी."

"निगा ठेवली ना. दर दिवाळीला तेल घालायचो."

"तेल? कुठलं?"

"खोबरेल."

"हं. केसांना चांगलं असतं." इथे ते थोडे निवळले. "जात कुठली होती?"

जात? मला वाटलं, बनावट विचारताहेत. "लुधियानाची. सगळी तिकडूनच येतात."

"पंजाबातलं जनावर. दणकट असणारच." त्यांनी सुस्कारा सोडला. "घरात मुलांना सांगितलंत का?"

आता मात्र माझी ट्यूब पेटली. तेव्हाच खुलासा करायला हवा होता, मान्य आहे. पण सकाळपासून माझ्याशी कोणी सहानुभूतीनं बोललेलं नव्हतं. रिक्षावाला हसला, सिग्नलचा हवालदार "बाजूला घ्या" म्हणून खेकसला, आणि हे पहिलेच गृहस्थ ज्यांना माझं काहीतरी गेल्याचं दुःख होत होतं. मी मान खाली घालून म्हणालो, "अजून नाही सांगितलं." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग मलाच लाज वाटली आणि मी दोन चहा सांगितले.

यात दोष मराठीचाही आहे. एक कुत्रं, दोन कुत्री. आणि कुत्र्याची बायको, तीही कुत्रीच. "कुत्री गेली" म्हटल्यावर नपुंसकलिंगी दोन गेली की स्त्रीलिंगी एक, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "मामा, पुस्तकात त्याला पॉल म्हणतात." म्हणजे मिस्त्रीनं शुद्ध शब्द वापरून "पॉल गेला" म्हटलं असतं, तर आजोबांनी माकडटोपी काढून प्रार्थनेची वेळ विचारली असती. वर भाचा असंही म्हणाला की मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये एका गिअरची बोंडं शेजारच्या गिअरच्या खाचेत अडकतात, त्या बोंडांना इंग्रजीतसुद्धा डॉगच म्हणतात. त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या की गिअर आपोआप सुटतो. म्हणजे जगभर लोखंडात कुत्रीच पाळलेली आहेत, आणि शोकसभेत सापडलो मी एकटा.

मिस्त्री हे सगळं ऐकत होता, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे. एका शब्दानं खुलासा करता आला असता. तो खाली मान घालून हसत होता. फ्रीव्हील बावीस वर्षांत आट्यांवर असं घट्ट बसलं होतं की शिकंज्यात धरून दोघांनी चाक फिरवावं लागलं. दुसरा मीच. निघाल्यावर त्यानं ती काळी, तेलकट चकती आजोबांच्या नाकासमोर धरली.

"ही बघा, आजोबा. यातली कुत्री."

आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला. मग चकतीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"आधी नाही सांगायचं? मी उगाच वाईट वाटून घेतलं."

जणू वाईट वाटण्याचा महिन्याचा कोटा ठरलेला होता आणि मी तो लबाडीनं उचलला. पेपर घडी घालून ते निघाले. चहा मात्र पूर्ण प्यायले होते.

मी मिस्त्रीला म्हटलं, "खोलून बघ ना, नुसती अडकली असतील." तो म्हणाला, "आता कोण खोलत नाय, साहेब. नवीनच टाका." आमच्या लहानपणी कोपऱ्यावरचा मिस्त्री फ्रीव्हील खोलायचा. वरच्या झाकणाला उलटे आटे असतात, ते छिन्नीनं ठोकून सोडवायचा, बारीक छर्रे ताटलीत ओतायचा, सगळं रॉकेलमध्ये धुवायचा आणि कुत्री चिमट्यानं परत बसवायचा. आम्ही उकिडवे बसून बघत राहायचो. छर्रा मातीत पडला की शोधायचं काम आमचं. आता मिक्सर खोलत नाहीत, पंखा खोलत नाहीत, परवा डॉक्टरांनी शर्टाचं बटण न काढताच मला तपासलं. गेलं म्हणतात आणि नवीन टाका म्हणतात. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात एकशे ऐंशी रुपये मोजताना मला मनापासून चीड आली. जुनं फ्रीव्हील मी हट्टानं मागून घेतलं. मिस्त्रीनं ते अशा नजरेनं दिलं, जणू मी अस्थी नेतोय.

घरी येऊन ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. खिडकी दक्षिणेची, तिथे दुपारभर ऊन असतं. शेजारी खोबरेलाची बाटली. सकाळी ती गोठून पांढरी झालेली, बायकोनं रोजच्यासारखी उन्हात ठेवली होती.

दोनच्या सुमारास पाणी प्यायला गेलो. बाटलीतलं तेल पातळ झालं होतं. मी थोडा वेळ बाटलीकडे बघितलं, थोडा वेळ फ्रीव्हीलकडे. मग ते उचललं, आतली कडी धरली आणि चकती एका बाजूला फिरवली.

टिक. टिक. टिकटिकटिक.

उलट फिरवली, तर दोन्ही कुत्र्यांनी दात कचकन धरला.

आजोबांना कळवावं, असं दोन दिवस मनात आहे. पण परत चहा मलाच पाजावा लागेल.