फ्रीडम हाऊसच्या अखेरीबद्दल

१९७५ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग नगरपालिकेने स्वतःची रुग्णवाहिका सेवा सुरू केल्यावर तिथे आधीपासून चालणाऱ्या फ्रीडम हाऊस या रुग्णवाहिका सेवेची गरज उरली नाही, हे तुमच्या लेखातील विधान मला मुळीच पटत नाही. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतील ज्या कृष्णवर्णीय तरुणांना नोकरीलायकही मानले जात नव्हते, त्यांनी भूलतज्ज्ञ डॉ. पीटर सफार यांच्या हाताखाली सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण घेतले आणि एरवी पोलिसांच्या गाडीतून नुसते वाहून नेले जाणारे रुग्ण वाटेतच उपचार मिळून वाचू लागले. नव्या सेवेत मात्र याच अनुभवी माणसांना पुन्हा परीक्षांना बसवले गेले, अनेकांना रुग्णापासून दूरची कामे दिली गेली आणि त्यांतील बहुतेक जण काही काळातच बाहेर पडले. फ्रीडम हाऊसच्या वैद्यकीय संचालक डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांना सामावून घेण्याचा आग्रह धरला होता, हेही लेखात यायला हवे होते.

मी स्वतः अपघात विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. रुग्ण दारात पोहोचण्याआधी कोणीतरी त्याचा श्वासमार्ग मोकळा ठेवलेला असणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. ती पद्धत ज्यांनी रस्त्यावर सिद्ध केली, त्यांना हटवले गेले हे स्पष्ट लिहावे.