कान, कूलर आणि परतीची एसटी

"आबाजी, तूर काढली काय?"

"कोन म्हन्ते? मी दूर कुठी गेलोच नाही!"

एवढं बोलणं झालं की गावात निदान पक्कं होते: बुढा बह्यरा झाला. आबाजींचं निदान वेगळं असतं. त्यांच्या मते आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही बरं! वयाबरोबर आधी जातात ते उंच पट्टीचे बारीक आवाज, म्हणजे स, श, फ, त वगैरे. स्वर शाबूत राहतात. म्हणून आवाज येतो पण शब्द पोचत नाही, आणि कितीही ओरडलं तरी तूर दूरच राहते.

मग घरात ठराव होतो की कान दाखवायचे. कुठं, यावर मात्र पंचायत बसते. माझा हट्ट असा की ऐकण्याची मशीन विकणाऱ्याच्या आधी कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठावा. कित्येकदा बहिरेपण म्हणजे नुसता मळ असतो, सेफ्टीपिन आणि आगपेटीच्या काडीनं वर्षानुवर्षं आत ठासलेला. आणि एक कान रातोरात बंद पडला असेल तर "एवढा कापूस वेचून होऊ द्या" म्हणू नये. त्याच दिवशी निघावं. उशीर होईल तशी उपचाराची आशा कमी होत जाते.

आता शिबिरं. बाजाराच्या दिवशी मंडप, मंडपात भोंगा, भोंग्यावर पाहुण्यांचं स्वागत आणि त्याच्याच खाली कानतपासणी! अशा गलक्यात आयोजकही बहिरे निघतील. खरी तपासणी बंद, आवाजरोधक खोलीत होते. हेडफोन लावून एकेका कानाला २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात आणि अगदी बारीक ऐकू आलं तरी बटण दाबायचं असतं. मग कानामागच्या हाडावर एक थरथरणारी डबी लावून पुन्हा तेच. ही डबी महत्त्वाची, कारण बिघाड पडद्या-मळाचा की आतल्या नसेचा, हे तीच सांगते. डबी न लावता कोणी थेट किमतीवर आला तर चप्पल शोधावी. तपासणीच्या आलेखाचा कागद मागून घ्यावा. त्यावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. कागद आपल्याजवळ असला की दुसऱ्या दुकानात भाव करता येतो.

"हिअरिंग एक्स्पर्ट" ही पाटी तर पेंटरही रंगवून देतो. विचारायचं ते बीएएसएलपी ही श्रवण-वाचा तपासणीची पदवी आहे काय आणि भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता. खरा माणूस रागावत नाही, भिंतीवरचा कागद दाखवतो.

मशीन निवडताना पोरांना ती कानात लपणारी, कोणाला न दिसणारी हवी असते. वखर-डवरा धरलेल्या बोटांना तिचा १० नंबरचा सेल बसवून दाखवा म्हणावं! तुरीच्या दाण्याएवढा तो सेल खाटेखाली गेला की घरभर शोधमोहीम. माझं मत कानामागच्या मशीनला. तिला बहुधा १३ नंबरचा, नारिंगी कागदाचा सेल लागतो. तो तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतो काय, हे आधी पाहावं. कागद काढल्यावर दोन-चार मिनिटं हवा लागू द्यावी, मगच बसवावा. चार्जिंगची मशीन छानच, पण भारनियमनाला विचारून घ्यावी. मे महिन्यात घामाचं पाणी आत जाते, म्हणून रात्री ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवायची. ती डबी किमतीत येते काय, कानाच्या मापाचा साचा येतो काय, हेही दुकानातच बोलून घ्यावं. साचा ढिला बसला तर मशीन शिट्टी मारते, आणि भजनात शेजारचे आबाजींकडे वळून पाहतात.

पण सगळ्यात मोठा प्रश्न एसटीचा. पहिल्या रात्री कूलर जिनिंगसारखा घरघरतो, ताटल्या डोक्यात वाजतात, आणि आबाजी मशीन काढून पेटीत टाकतात. यात मशीनचा दोष कमी. इतकी वर्षं शांत बसलेल्या मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि दोन-चारदा दवाखान्यात जाऊन मशीनचा आवाज जुळवून घ्यावा लागतो. म्हणून नागपूरच्या चकचकीत काचेपेक्षा जिथून संध्याकाळच्या गाडीनं घरी परतता येते तो दवाखाना बरा. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे, सोबत जाणाऱ्या पोराची रोजी मात्र बुडते. महिन्यातून एकदा लॉजवर येणाऱ्या तज्ज्ञाला एवढंच विचारावं, "मधात बिघडली तं कुठी यायचं जी?"

खिसा रिकामा असेल तर जिल्हा रुग्णालय आहेच. तिथं अपंगत्वाचा दाखला निघतो, ४० टक्के किंवा त्याहून जास्त असला की सरकारी योजनांचं दार उघडते. ६५ पूर्ण झालेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३००० रुपये मिळतात, उत्पन्नाची अट आहे. चांगल्या डिजिटल मशीनच्या किमतीपुढे ते मीठमिरचीला पुरतील, पण सोडू नये.

आणि दुसऱ्या फेरीला आबाजींना आधीच सावध करावं. बऱ्याच नव्या मशिनी रोज किती वेळ कानात होत्या याची नोंद ठेवतात. "दिवसभर लावतो जी," असं ते छाती ठोकून सांगतात, आणि समोरच्या संगणकावर दिसते: रोज वीस मिनिटं.