ओकायामाला उतरा

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला आमच्या घरात अजूनही 'ओकायामा'च म्हणतात. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलंय. पण जपानला जाऊन आलेल्या ओळखीच्यांना विचारलं, तर त्या गावात उतरलेलं एकही माणूस मला सापडलं नाही. शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने सगळे तिथून हिरोशिमाला पुढे गेलेले.

यात पासचा मोठा हात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पर्यटकांचा सात दिवसांचा रेल्वे पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. एवढे पैसे मोजल्यावर माणूस ते वसूल करायला धावतोच. पहिल्या खेपेला मीही धावले. या वेळी पास घेतलाच नाही. साधी तिकिटं काढली आणि ओकायामाहून समुद्रापलीकडच्या ताकामात्सूला जाणाऱ्या 'मरीन लायनर' या रेल्वेगाडीत बसले.

समुद्र ओलांडायच्या आधीचं शेवटचं स्टेशन कोजिमा. इथे समुद्र हटवून जमीन केली. खारट मातीत भात येईना, म्हणून लोकांनी कापूस लावला. कापसामागून कापड आलं, मग शाळेचे गणवेश, आणि १९६५ पासून जीन्स. रस्त्यावर दोऱ्यांना जीन्स टांगलेल्या दिसतात. माझे आजोबा इचलकरंजीचे मागवाले, त्यामुळे दुकानात शिरल्यावर मी आधी कापडाचा काठ उलटून बघितला. धोट्याच्या जुन्या मागावर विणलेला, दोन्ही अंगांना पक्का बांधलेला काठ! आपल्याकडे असे किती माग भंगारात गेले. जपानमध्ये काही गिरण्यांनी ते जपून चालते ठेवलेत. दुकानातल्या काकांनी माझ्यासमोर पाय मोजला, खाली टीप घातली आणि उरलेला तुकडा घडी करून पिशवीत दिला. जीन्स महाग होती, पण घेतली याचा मला आनंद आहे. टोकियोच्या मॉलमध्ये तीच मिळाली असती, ते काका मिळाले नसते.

कोजिमा सुटलं की गाडी सेतो पुलावर चढते. वर मोटारी, खाली रेल्वे. १९८८ पूर्वी इथे बोटीने जावं लागे. मे १९५५ मध्ये 'शिउन मारू' बोट बुडून १६८ माणसं गेली, त्यात सहलीला निघालेली शाळकरी मुलं खूप होती. त्यानंतर पुलाच्या मागणीने जोर धरला. खालची बेटं बघताना ती मुलं सारखी आठवत राहिली.

ताकामात्सूला उदोन, म्हणजे रश्श्यातल्या गव्हाच्या जाड शेवया, खायचाच. थाळी घेऊन रांगेत उभं राहायचं, हव्या त्या भज्या उचलायच्या, शेवटी पैसे द्यायचे. रस्सा सुक्या छोट्या माशांचा असतो. पहिल्या घोटाला मला कोकणातल्या मावशीच्या घरची सुकी मासळी आठवली. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारावं, भाज्या घातलेल्या वाडग्यातही तोच रस्सा असतो.

परतीला ओकायामा स्टेशनवर पीचच्या आकाराचा गुलाबी डबा घेतला: भातावर कोळंबी, मासे, अंड्याच्या बारीक पट्ट्या. या पदार्थामागची गोष्ट अशी सांगतात, की तिथल्या इकेदा सरदाराने काटकसर म्हणून जेवणात भाताबरोबर एक सूप आणि एकच पदार्थ खायचं फर्मान काढलं. तेव्हा लोकांनी मासे भाताखाली दडवले आणि खाताना डबा उलटा केला. पुढच्या वेळी आईला घेऊन जाणार आहे. तो रिकामा डबा तिने आत्ताच मसाल्यांसाठी मागून घेतलाय.